मैदानाला नमस्कार

कोच हाल्फमान,

नमस्कार मुद्दामच लिहीत नाही. माझी मुलगी निधी फुटबॉलच्या मैदानात शिरताना वाकून जमिनीला हात लावते आणि कपाळाला नेते. गावच्या शाळेत खो-खोला आम्ही तेच करायचो. तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, “पूजा घरी कर,” आणि तिला बाकावर बसवलंत.

तुमचे जर्मनीतले जुने सामने मी पाहिले. स्ट्रायकर होतात तेव्हा प्रत्येक गोलनंतर छातीवर क्रूसाची खूण करायचात. गुडघा गेला, कोच झालात, तसा देवही सुटला का?

हे पाठवतो म्हटलं तर निधी म्हणाली, “बाबा, प्लीज! तो मला टीममधून ड्रॉप करेल.”

काल ती न वाकता आत गेली. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. तिने गोल केला आणि मला आनंद झाला नाही. त्याबद्दल तुम्हाला क्षमा नाही.

शैलेंद्र धुमाळ
बॉथेल, अमेरिका