गोदाच्या पोटरीवरचे वळ

ता. ६ मार्च १९३१
गोदा आली मालवणहून. भावाची लेक, पण वाढवली मी. लग्नानंतरचं पहिलं माहेरपण. सकाळी न्हाऊ घालताना पोटरीवर वळ दिसले. तांबडे, दोरी गुंडाळावी तसे.
"काय गं हे?"
"समुद्रातलं काहीतरी डसलं, आत्या. गार पेजेसारखं बिलबिलीत असतं, खाली लांब दोरे. कोळणींनी वाळू चोळली, तेव्हा सुटलं."
पेज कधी डसते होय! तूप लावलं.

ता. ७
दूधवाली यल्लव्वा वाकून बघून गेली. "आक्का, समुंदर कुटला? चामड्याच्या वादीचं वळ हाईत की हे. मेंढरं हाकतो आमी, आमाला कळत न्हाई व्हय?"
गोदा हसली. "मग तुझ्या मेंढरांनाच विचार की!"
हसली खरी, पण पाय पदराखाली ओढून घेतला. मला भाकरी गोड लागेना.

ता. ९
वेणी घालता घालता सहज विचारलं, डसलं तेव्हा जवळ कोण होतं?
"कुणी नव्हतं. किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं."
मग त्या कोळणी? वेणीला गाठ मारली. आमच्या सिद्धेश्वराच्या तळ्यात फार तर जळू लागते. समुद्र मी पाहिलेला नाही, हीच अडचण. वळ पुष्कळ पाहिलेत.

ता. १२
जावई न्यायला आले. शाळामास्तर, बोलणं साखरेचं. वाढताना नजर गेली, उजव्या तळव्यावर तसाच वळ! मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "हिच्या पायाचं सोडवायला गेलो, मलाही डसलं."
म्हणजे जावई होते तिथं. खरं असेल तर बायकोसाठी हात घातला बिचाऱ्यानं, आणि पाप माझ्याच मनात. पण दोरी आवळून धरली की धरणाऱ्याच्याही तळव्याला वळ उठतो. आडावर रोज बघते.

ता. १३
जेवणं झाल्यावर म्हटलं, "मीही येते मालवणला. तो प्राणी दाखवा, मी हात घालते."
"आता नसतात ते, आत्याबाई. मोसम सरला."
"नसले तर वाट बघेन की. मला कुठं शाळा भरवायचीय?"
जावई हसले, जरा उशिरानं. गोदाकडं बघितलं.
ती उठली, भरलेली ट्रंक सगळी रिकामी केली. दांडीवरची माझी दोन लुगडी काढून तळाशी घातली आणि त्यावर आपले कपडे रचले.