एअर फ्रायरमधली सुरमई आणि तुमचा भाऊ

नाशिक,
गुरुवार, दिवाळीच्या आठवडाभर आधी

तीर्थस्वरूप सिंधुअक्कांना उज्वलाचा साष्टांग नमस्कार. (तो मनातल्या मनातच घातला आहे. प्रत्यक्ष घातला तर उठवायला तानुबाई लागते, आणि आमच्याकडे धुण्याभांड्याला येणारी ही बाई सध्या माझ्यावर रुसली आहे. का, ते पुढे येईलच.) तुमच्या गुडघ्यांना नव्या तेलाने उतार पडला असेल अशी आशा आहे. वणीत थंडी सुरू झाली का? सकाळी गच्चीवर जाताना पायांत मोजे घालत जा. फोन सोडून पत्र का लिहिते, असं तुम्ही म्हणाल. तुम्ही फोनवर बोलता तेव्हा मी तो कानापासून हातभर लांब धरला तरी आमच्या बैठकीत सगळं ऐकू येतं, आणि बैठकीत हे बसलेले असतात. जे सांगायचं आहे ते यांच्याबद्दलच आहे.

यांच्या हृदयात स्टेंट बसवून अडीच महिने झाले. त्या मानाने सगळं ठीक आहे, फक्त हे जेवत नाहीत. तुम्ही दर रविवारी विचारता, महेश जेवला का, आणि मी 'हो, जेवले' म्हणते. ते खोटं असतं अक्का, मला क्षमा करा. दोन घास दुधी, अर्धी पोळी, की ताट सरकवलं. नऊ किलो उतरले आहेत. पँट कमरेला धरून चालतात आणि वर मला म्हणतात की तुझे धुण्याचे कष्ट कमी झाले, कापड तेवढंच पण माणूस कमी. मागच्या तपासणीला डॉक्टर माझ्यावरच चिडले. वजन चढल्याशिवाय जिन्याची एक पायरी चढायची नाही म्हणाले. आणि शाकाहारी आहात का? नाही ना? मग मासे द्या की, फक्त तळलेले नकोत. मला इतका आनंद झाला की काय सांगू. कोंबडीला चव नसते आणि अंड्याला वास येतो असं मानणारा हा माणूस, पण वसईच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये तुम्हा भावंडांचं लहानपण गेलं तेव्हापासून सुरमईसाठी जीव टाकतो, हे तुमच्यापेक्षा जास्त कोणाला ठाऊक असणार?

पण न तळलेली सुरमई करायची कशी? लग्न होऊन आले तेव्हा मला माशाचा एकच प्रकार येत होता, कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बेनेडिक्टांनी शिकवलेला, पांढऱ्या सॉसमधला. मी तो मोठ्या हौसेने केला होता. तुम्ही एक घास खाल्लात आणि म्हणालात, "छान आहे हो. आजारी माणसाला द्यायचा असतो का?" मी न्हाणीघरात जाऊन रडले होते. दुसऱ्या दिवशी तुम्हीच मला तव्यासमोर उभं केलंत, आणि तेल किती तापलं ते बघायचं नाही, ऐकायचं, हे शिकवलंत. आता घरात खरोखरच आजारी माणूस आहे, तर त्या सॉसमधलं लोणी डॉक्टरांना चालत नाही. सिस्टर स्वर्गातून बघत असतील तर त्यांनाही काही सुचत नसणार.

अशा वेळी आमच्या लेकीने, सायलीने बंगळुरूहून एअर फ्रायर पाठवला. तेल नको, धूर नको, नुसत्या गरम वाऱ्यावर मासा भाजतो म्हणे. खोकं आलं ते नेमकं दसऱ्याच्या दिवशी. आता दसऱ्याला घरात आलेलं यंत्र आपण पूजेशिवाय ठेवतो का? मिक्सर, इस्त्री, यांची स्कूटर यांच्या रांगेत तेही पाटावर बसलं. मी त्याला कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडूचं फूल वाहिलं, आपट्याचं पान ठेवलं आणि डोक्यावर मूठभर अक्षता टाकल्या. (हे लक्षात ठेवा.) मग एकादशी झाली, कोजागिरी झाली, आणि त्यानंतरच्या बुधवारी मी भद्रकालीच्या बाजारात गेले. माझा नेहमीचा मासेवाला हिरामण, त्याच्याकडून बोटभर जाडीचे सुरमईचे तुकडे करून घेतले. श्रावणापासून तुम्ही दिसला नाहीत, साहेब कसे आहेत, असं त्याने विचारलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याने एक तुकडा जास्त टाकला.

पहिल्या दिवसाची कथा थोडक्यात सांगते. आलं-लसूण, तिखट, हळद, कोकमाचं आगळ, वरून रवा, सगळं तुमच्या पद्धतीने केलं. तानुबाई दारातच अडून उभी. "बाई, त्याला कुकू लावलंय. आन् आता त्याच्यात मासा टाकता? मी नाय धुनार ते भांडं." मी म्हटलं, अगं, सुरी पुजतो तिनेच मासा चिरतो ना? त्यावर तिने तोंड फुगवलं. मी बटण दाबलं आणि आतून जो खडखडाट सुरू झाला! खडीच्या रस्त्यावर एसटी धावावी तसा. अक्षता, अक्का. डोक्यावरच्या फटींतून सगळ्या आत गेल्या होत्या आणि पंख्याबरोबर फुगड्या घालत होत्या. यंत्र बंद केलं, उलटं धरलं, मी हलवलं, तानुबाईने थोपटलं (बाळाची ढेकर काढावी तसं), तेव्हा एकेक दाणा बाहेर पडला. पुन्हा लावलं तर वाऱ्याने कोरडा रवा उडवून आतल्या भिंतींना फासला आणि मासा बाहेर आला तो उघडाबोडका, वरून पांढरा फटक, आतून वाळलेल्या खोडरबरासारखा. यांच्यासमोर ठेवला. यांनी पाहिला, आणि काय सांगू, चेहऱ्यावर चक्क हायसं वाटल्यासारखं दिसलं. "राहू दे गं, वरणभात दे," म्हणाले. मला वाटलं, माझी कीव आली.

रविवारी पुन्हा. सायलीने फोनवरून बजावलं होतं की रव्याला आधी तेलाचा हात लाव. तो लावला. पण खरं दुखणं वेगळंच होतं. त्या यंत्रात मासा बोलत नाही. तव्यावर तो सांगतो ना, आता चर्रर्र, आता चुरचुर, आता उलट मला! चाळीस वर्षं मी कानाने मासा केला आहे. इथे नुसता वारा घोंघावतो आणि आत माझा मासा जिवंत आहे की मेला (मेलेलाच असतो, पण तुम्हाला कळलं मला काय म्हणायचं आहे) काही समजत नाही. म्हणून मी दर मिनिटाला खण ओढून बघत होते. खण ओढला की यंत्र बंद पडतं आणि सगळी ऊब बाहेर. वीस मिनिटांनी मासा वरून रापलेला आणि काट्यापाशी गुलाबी, कच्चा. यांना पुन्हा तसंच हायसं वाटलेलं. शांतपणे दहीपोळीचे दोन घास खाल्ले. त्या दिवशी मी पदरात तोंड घालून रडले, आणि तानुबाईने न सांगता ते भांडं धुतलं. रुसवा मात्र ठेवला.

काल बुधवार, तिसरी वेळ. या वेळी मी माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली (इंग्रजी वाचायला शिकवलं म्हणून कॉन्व्हेंटचे आभार, पण इंग्रजीत सुरमई कुठेच नव्हती), यंत्र आधी रिकामं तापवलं आणि तानुबाईला त्याच्यासमोर पहाऱ्याला बसवलं. बारा मिनिटं. सात मिनिटांनी एकदाच उलटायचं. मी दोनदा हात पुढे केला आणि दोन्ही वेळा तिने तो बाजूला सारला. "बाई, आता जर उघडलं ना, तर मी गावी पेठला जाईन आन् येनारच नाय." मी गॅलरीत जाऊन कुंडीतल्या तुळशीशी बोलत उभी राहिले. आणि अक्का, खण उघडला तर काय! सोनेरी. कडा कुरकुरीत, आत पांढरा, ओलसर, पाकळी पाकळी सुटणारा. तुम्ही केलाय असं वाटावं इतका. तुकडे ताटात वाढले, लिंबू पिळलं, बाजूला तांदळाची भाकरी. हे बघतच राहिले. डोळे भरून आले यांचे. मग ताट दोन्ही हातांनी हळूच दूर सरकवलं.

तेव्हा माझा तोल गेला. जे बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही, सिस्टर बेनेडिक्टांनी माझं तोंड साबणाने धुतलं असतं. सगळं ऐकून घेऊन तुमचा भाऊ म्हणतो, "मी नवस बोललोय." ऑपरेशनला नेताना स्ट्रेचरवर झोपून यांनी वणीच्या आईला शब्द दिला की मला इथून चालत घरी जाऊ दे, पायऱ्या चढून तुझ्या दर्शनाला येईपर्यंत मासळी तोंडात घालणार नाही. मी विचारलं, मग अडीच महिने हे सांगायला तोंड नव्हतं? तर म्हणे, आधी श्रावण होता, मग गणपती, मग पितृपक्ष, मग नवरात्र, विषयच निघाला नाही. आणि हे यंत्र आल्यापासून? "तू इतकी रमली होतीस गं. आणि दोनदा मासा बिघडला, तेव्हा वाटलं, आईच सांभाळून घेतेय." म्हणजे माझी खोडरबरं ही देवीची कृपा!

आता पेच बघा. पायऱ्या चढल्याशिवाय हे मासा खाणार नाहीत. मासा खाल्ल्याशिवाय वजन चढणार नाही. वजन चढल्याशिवाय डॉक्टर पायऱ्या चढू देणार नाहीत. मी म्हटलं, गडावर आता ट्रॉली आहे, बसायचं की पोचलो. तर म्हणतात, "मी पायऱ्या म्हणालोय, उज्वला. आईला दिलेला शब्द आहे." असं म्हणताना पँट कमरेला धरलेली. मी यांची चेष्टा करत नाही हो. शब्द पाळणारा माणूस आहे म्हणूनच इतकी वर्षं रागावूनही सुखात काढली. पण रात्री कुशीवर वळतात तेव्हा पाठीचे मणके मोजता येतात, आणि मला भीती वाटते.

असो. तुमच्याकडे काही मागणं नाही, मन मोकळं करायला लिहिलं. लहानांना आशीर्वाद सांगा, थोरांना नमस्कार, आणि स्वतःला जपा.

तुमची,
उज्वला

ता. क. मागणं आहे. भाऊबीजेला आम्ही दोघं दरवर्षीप्रमाणे येतोच आहोत. या वर्षी यांच्याकडून साडी घेऊ नका. ओवाळून झालं की ताम्हन हातात धरूनच सांगा, महेश, मला ओवाळणीत एवढंच हवं, उद्या माझ्याबरोबर ट्रॉलीने गडावर चल. माझे गुडघे चालत नाहीत, मला एकटीला भीती वाटते. बायकोला नाही म्हणता येतं, डॉक्टरला येतं, ओवाळणाऱ्या बहिणीला येत नाही. आणि आईसमोर उभ्या राहून तुम्ही मोठी बहीण म्हणून सांगा की पायऱ्यांचं राहिलेलं तो बरा झाल्यावर फेडेल. मी लिहिलंय हे मात्र कळू देऊ नका.

ता. क. २. कालचे ते तुकडे मी आणि तानुबाईने स्वयंपाकघरात उभ्याने खाल्ले. अप्रतिम झाले होते. यांना सांगू नका, आणि सायलीलाही नको, नाहीतर ती आता पाव भाजायचं यंत्र पाठवेल.

ता. क. ३. पाकीट चिकटवत होते तेवढ्यात हे आले. कोणाला लिहितेस, विचारलं. म्हटलं, अक्कांना, भाऊबीजेला काय काय आणू ते विचारतेय. वळून निघाले, पुन्हा दारात आले आणि म्हणाले, "जमलं तर तिला विचार, ट्रॉलीने गेलेलं..." मग म्हणाले, "नको, काही नाही," आणि पेपर घेऊन बसले. पेपर उलटा धरला होता, अक्का.