आलोइसची काठी आणि आत्याचं तूप

रेगेन्सबर्ग,
३० सप्टेंबर २०२४

ती. मालिनीआत्या,

चारूचा साष्टांग नमस्कार. (खरोखर घालणार होतो, पण कंबर धरली आहे. का, ते पुढे येईलच.) तुझा गुडघा कसा आहे? तुझी मीनल अजून क्लासमधल्या बाईंचाच दिलरुबा उसना आणून घरी रियाज करते का? आतोबांच्या खोलीला अजून कुलूप आहे का, हे मी विचारत नाही. इकडे विभावरी ठणठणीत आहे. आमची छोटी अन्वी तुझी फार आठवण काढते, पण जर्मनमध्ये.

तर आत्या, मी मासे धरायला लागलो आहे. खाली बस आणि पाणी पी. आमच्या खालच्या मजल्यावर फ्राऊ ब्रांडल राहतात, वय एक्क्याऐंशी. त्यांचे यजमान आलोइस जाऊन अकरा वर्षं झाली. बाई उद्या, एक तारखेला, कायमच्या मुलीकडे, पार उत्तरेला किल शहरात चालल्या आहेत. मार्चमध्ये केलर, म्हणजे तळघर, आवरताना त्यांना आलोइसचं मासेमारीचं सामान सापडलं: बांबूच्या चिपा चिकटवून केलेली काठी, पितळेचं रीळ, रेशमी दोरी, उंच रबरी बूट, आणि पिसं बांधून केलेल्या खोट्या माश्यांची डबी. (ट्राउट नावाचा मासा या माश्यांना फसतो म्हणतात. मला तरी तो पुष्कळ हुशार वाटला.) मला म्हणाल्या, "हेर केतकर, जायच्या आधी आलोइसच्या काठीची एक ट्राउट मला खायची आहे. तुम्ही इंजिनिअर आहात, तुम्हाला जमेल." आता इंजिनिअर म्हटल्यावर माघार कशी घ्यायची? आणि ट्राउटचा हंगाम संपतो तीस सप्टेंबरला.

इथे मासा धरायलासुद्धा परीक्षा असते. तीस तासांचा क्लास करून मी साठपैकी अठ्ठावन्न गुण मिळवले. (केतकरांच्या घरात परीक्षा म्हटली की कशाचीही घोकंपट्टी होते.) मासा मात्र तोवर मी दुकानाच्या काचेपलीकडेच पाहिला होता. मग बिल्डिंगच्या होफमध्ये, म्हणजे मागच्या अंगणात, सराव सुरू केला. जुनी काठी फार सावकाश वाकते. दोरी मागे फेकली की ती सरळ होईपर्यंत थांबायचं, आणि मगच पुढे. मी पुण्यात सिग्नलला थांबलेला माणूस नाही, हे तुला माहीत आहे. बाई बाल्कनीतून "लांगझाम, हेर केतकर, लांगझाम!" म्हणून ओरडायच्या, म्हणजे हळू, हळू. मी घाई करून पहिल्या आठवड्यात स्वतःची टोपी धरली, दुसऱ्यात विभावरीची ओढणी, आणि तिसऱ्यात तळमजल्यावरच्या गृहस्थांचा वाळत घातलेला पायजमा. त्यानंतर नोटीसबोर्डावर एक कागद लागला. त्यात माझं नाव नव्हतं, पण पायजम्याचं सविस्तर वर्णन होतं.

आता मन घट्ट कर. रेशमी दोरी पाण्यावर तरंगावी म्हणून तिला एक विशिष्ट ग्रीस चोळावं लागतं. आलोइसच्या डबीतलं ग्रीस वाळून खडखडीत झालं होतं, आणि रविवारी इथे दुकानं बंद. घरात चोळण्यासारखं एकच उत्तम द्रव्य होतं: तू पाठवलेलं साजूक तूप. चोळलं! आत्या, काय तरंगली दोरी! पण बोटांचं तूप काठीच्या मुठीला लागलं, आणि पहिल्याच फेकीला आलोइसची काठी माझ्या हातातून सुटून लाबर नदीत गेली. तिच्या मागोमाग मी गेलो. (कंबर.) परत आलो, तेव्हा आलोइसच्या बुटांत मावेल तितकी नदी माझ्याबरोबर होती.

असे पाच रविवार रिकाम्या हाताने गेले. काल शेवटचा होता. विभावरीने बाईंना गाडीतून आणून काठावर घडीच्या खुर्चीत बसवलं. बाई या वेळी ओरडल्या नाहीत, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. दुपारी तीनला मी पहिल्यांदा खरोखर थांबलो. दोरी मागे गेली, सरळ झाली, पुढे आली, आणि काठी थरथरली. आत्या, काय सांगू, अठ्ठावीस सेंटिमीटर! मी ओरडलो, विभावरी नाचली, आणि बाई एक्क्याऐंशीव्या वर्षी खुर्चीतून ताडकन उठल्या.

मापात बसणारा मासा इथे नुसत्या हौसेखातर धरून सोडता येत नाही. मी माशाला हात जोडून क्षमा मागायला लागलो, तेवढ्यात बाईंनी छोट्या दांडक्याने एकच टोला दिला आणि प्रश्न मिटवला. घरी त्यांनी तो तुझ्याच उरलेल्या तुपात तळला. मग तीन पानं मांडली: एक त्यांचं, एक विभावरीचं आणि एक आलोइसच्या फोटोसमोर. पितृपक्ष चालू आहे हे त्यांना कोण सांगणार? म्हणाल्या, "अकरा वर्षं मला वाटत होतं, मी काठी जपते आहे. मी तिला नुसतं कोंडून ठेवलं होतं." आणि हसल्या, आणि रडल्याही. मीही रडलो. मग काठी माझ्या हातात दिली, कायमची.

सर्वांना नमस्कार. तब्येतीला जप.

तुझा,
चारू

ता. क. : तूप संपलं.

ता. क. २ : आत्या, मी विभावरी. मासा ह्यांनीच धरला हे खरं, पण गळ त्याच्या तोंडात नव्हता, शेपटीला अडकला होता. आणि चौथं पानही होतं. ह्यांनी दोनदा वाढून घेतलं.

ता. क. ३ : हिने मध्येच पत्र उघडलं. असो. आत्या, पितृपक्षात आतोबांसाठी तू त्यांच्या आवडीची अळूवडी करतेस, तशी यंदाही कर. पण त्याआधी खोलीचं कुलूप काढ आणि त्यांचा दिलरुबा मीनलच्या हातात दे. तुला विचारायची तिची छाती होत नाही, म्हणून तिने मला गळ घातली, आणि मी मार्चपासून हे पत्र मनात लिहितो आहे. सुरुवातीला बेसूर वाजेल. बाल्कनीत बसून "हळू, हळू" म्हणून ओरड.