तीन उंचीचे तीन नळ

आमगाव,
मंगळवार, दि. १७ डिसेंबर २०२४

सौ. ओमेश्वरी हिस,

इकडे आम्ही चौघे ठीक. तुझ्या बाबांचा खोकला कमी झाला असेल अशी आशा. पत्र लिहितो आहे कारण फोन केला की तुझा भाऊ स्पीकर लावतो, आणि मला सगळ्या केशोरी गावाशी बोलायचं नाही.

आधी या घरात मी माझ्या हातांनी काय काय केलं ते लिहितो. तुझ्या भावाला वाचून दाखव. तीन मजली पलंग, एक इंची चौकोनी पाइपाचा, सव्वीस ठिकाणी वेल्डिंग, तिघे एकदम वर उड्या मारतात तरी करकरत नाही. धानाची कोठी, बावीस गेज पत्र्याची, आठ वर्षांत आत एक उंदीर गेलेला नाही. पाणी तापवायचा बंब, धानाच्या कोंड्यावर चालणारा. तुझ्या शिलाई मशीनची मोटर. सायकलच्या मागे दोन पोरांची सीट, चाकात पाय जाऊ नये म्हणून जाळीसकट. आणि हात धुण्याच्या ओट्यावर तीन नळ, बावीस, सव्वीस आणि एकतीस इंचांवर, टिकेश, वीरेंद्र आणि हिमांशू यांच्या कोपरांची उंची मोजून बसवलेले. दर दिवाळीनंतर मी तिन्ही नळ सोडवून दीड दीड इंच वर चढवतो. आमगावात कोणाच्या घरी आहे का असं, विचार.

नळांवरूनच झालं ना सारं. २८ नोव्हेंबरला श्यामलाल पिशवीभर झाडाचे जाम घेऊन आला, त्यातले निम्मे किडके. हात धुवायला वाकला आणि म्हणाला, "ओमी, हे का होय वो?" आणि तू हसून म्हणालीस, "यायचा जुगाड होय, दादा."

जुगाड.

मी पाना हातात घेऊन दारातच उभा होतो. मी म्हणालो, "जुगाड आवडत नसन त जाय भावासंग. तिकडं सारं इकत आनलेलं हाय." हे मी म्हणालो, नाही म्हणत नाही. पण माणूस म्हणतो म्हणून बाईनं लगेच पिशवी भरायची असते का? पोरांना "चार रोजात येतो" सांगून गेलीस. आज एकोणिसावा दिवस.

जुगाड म्हणजे काय, ते एकदा समजून घे. दाराची कडी तुटली आणि तिच्या जागी चमचा खुपसला, तर तो जुगाड. तुझ्या भावाच्या न्हाणीच्या दाराला तो चमचा गेल्या अक्षय तृतीयेपासून आहे, मी स्वतः पाहिला. स्टीलचा, मोठा, वाढायचा. मोजून, आखून, कापून, घासून, जोडून आणि पुन्हा मोजून जे होतं त्याला जुगाड म्हणत नाहीत. मी आयटीआय केली नाही. आठवीनंतर रद्दीच्या दुकानात उभा राहून मशीनची हिंदी पुस्तकं वाचली, कारण विकत घ्यायला पैसे नव्हते आणि दुकानदार बसू देत नव्हता. माप घ्यायचा वर्नियर कसा धरायचा हे मला कोणी शिकवलं नाही. ज्यांना शिकवलं, ते मिल बंद पडली की मला फोन करतात.

परवा रविवारी श्यामलालचा फोन आला. त्याचं बोलणं जसंच्या तसं लिहितो: "जवाईबापू, ओमी म्हनते का गोंदियाच्या शेटसंग का बोलनं झालं ते खरं सांगा, मंग येते ते. नाई त येत्या आयतवारी मी गाडी घेऊन येतो अन पोट्टे नेतो. इकडच्या शारेत नाव टाकून देतो."

मी विचारलं, "गाडी भाड्याची का?"

"भाड्याची. काऊन?"

"रिकामी परत जायचं भाडं विचारून ठेव."

आणि फोन ठेवला. पोरं नेतो म्हणे, तिकडच्या शाळेत घालतो म्हणे. पोरं म्हणजे काय जाम आहेत, पिशवीत भरायला? शेटचं तर तुला दिवाळीआधीच सांगितलं होतं. धानातले खडे वेगळे करायची चाळणी मी केली, शेटनं त्याच्या मिलमध्ये बोलावलं, तासभर चालवून पाहिली, काम जमलं नाही. त्यात खरं-खोटं काय काढायचं?

पोरांचं म्हणशील तर सगळं वेळेवर चाललं आहे. पाच वाजता बंब पेटतो. सव्वासहापासून आंघोळी, प्रत्येकी चार मिनिटं, टिकेशला सहा कारण तो साबण शोधत बसतो. डबे मी करतो. पोळ्या गोल होतात, तुझ्यापेक्षा जास्त गोल, मी ताटाची कडा दाबून कापतो. कापलेली कड हिमांशू खातो.

शेजारची सुमित्राबाई रोज भाजीची वाटी घेऊन येते आणि वाटी ठेवता ठेवता सगळं स्वयंपाकघर डोळ्यांनी झाडून घेते. पहिल्याच दिवशी म्हणाली, "बिचारे पोट्टे!" मी म्हणालो, "बाई, यायची माय मेली नाई, माहेरी गेली हाय." तर म्हणते, "मंग आना ना जाऊन. का पाय दुखून राह्यले तुमचे?" मी म्हणालो, तिला रस्ता माहीत आहे. वाटी धुऊन परत केली. भाजीत मीठ जास्त होतं.

शाळेचं तर विचारूच नको. वीरेंद्रच्या वहीत लिहून आलं, पालकांनी थर्माकोलचं घर करून द्यावे. मुलानं नाही, पालकांनी! आणि थर्माकोलचं! मी पत्र्याचं केलं, कौलांना पन्हाळी पाडून, दाराला खरी बिजागरी लावून. सरांनी परत पाठवलं, वजन जास्त आहे, भिंतीला टांगता येत नाही. दोन किलो तीनशे ग्रॅम. ज्या भिंतीला दोन किलो पेलत नाही, ती भिंतच आधी दुरुस्त करायला पाहिजे. वीरेंद्रनं मग सुमित्राबाईच्या पोरीकडून, टीनाकडून, बिस्किटच्या खोक्याचं करून घेतलं आणि त्याला 'छान' मिळालं. एका बाजूला कललेलं होतं ते घर.

टिकेशचं एक आहे. तो वरणभात खात नाही. तू कालवतेस तसा पाहिजे म्हणतो. मी मोजून केला. दीड वाटी भात, पाऊण वाटी वरण, अर्धा चमचा तूप. "हे नाई." मग एक वाटी वरण. "हे नाई." भात गरम ठेवून, वरण गार करून, तूप आधी घालून, नंतर घालून, लिंबू पिळून. नऊ प्रमाणं झाली, वहीत तारखेसह लिहिली आहेत. नऊही वेळा त्यानं ताट दोन बोटांनी सरकवलं. गुरुवारी कळलं, तो दुपारी सुमित्राबाईकडे जाऊन जेवतो. तिला मी काही बोललो नाही. तू किती वरण घालतेस ते लिहून पाठव, किंवा अंदाजाने घालत असशील तर तसं लिही. पाच वर्षांच्या पोराला अंदाज कळतो आणि माप कळत नाही, हे मला पटत नाही, पण लिही.

आता शनिवारचं लिहितो. लिहिणार नव्हतो.

शनिवारी १४ तारखेला शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. हिमांशूनं पाखडणीचं यंत्र केलं होतं. जुना टेबलफॅन, तेलाचा डबा, आणि खाली दोन खण, एकात धान पडतं, एकात फोल. मी हात लावला नाही. फक्त पंखा किती अंतरावर ठेवायचा ते विचारलं तेव्हा म्हणालो, ठेवून बघ. त्यानं अकरा वेळा ठेवून पाहिला आणि चौदा इंचांवर पक्का केला. माझ्या हिशेबानेही चौदाच येत होते. मी त्याला सांगितलं नाही.

दुपारी मी अंगणात वीरेंद्रचे केस कापत होतो. डावी बाजू झाली होती. हिमांशू आला, यंत्र डोक्यावर, आणि चालणं असं की जणू मिरवणूक मागे आहे.

"दुसरा नंबर आला," म्हणाला.

मी म्हणालो, "सर्टिफिकेट दाखव."

"नाई घेतलं."

"काऊन?"

"सरनं माइकवर म्हटलं, हिमांशूचा मस्त जुगाड. सारे हासले. मी स्टेजवर गेलो अन म्हटलं, सर, जुगाड नोहोय, यंत्र होय. अन खाली आलो. कप तिसऱ्या नंबरवाल्याले देऊन टाकला त्यायनं."

आणि माझ्याकडे पाहत उभा राहिला. पाठ सरळ, हनुवटी वर. शाबासकी घ्यायला आला होता ग तो.

मी कात्री खाली ठेवली आणि त्याच्या कानाखाली मारली.

या घरात मी कधी पोरांवर हात उचलला नाही, तुला माहीत आहे. त्यासाठी मी दुसऱ्यांच्या घरांना नावं ठेवत आलो. का मारलं ते मला त्या वेळी सांगता आलं नसतं. दुसरा नंबर, शाळेचा कप, शंभर पोरांसमोरच्या टाळ्या, अकरा वेळा पंखा ठेवून पाहिल्याची मेहनत, एका शब्दासाठी टाकून आला. मी ओरडलो, "एका शब्दासाठी? डोकं हाय का तुले?"

तो रडला नाही. म्हणाला, "तुमीच त शेटच्या इथून उठून आले ना. मी होतो ना संग. त्यायनंबी जुगाडच म्हटलं होतं."

वीरेंद्र अर्धे केस घेऊन दोघांकडे पाहत होता. त्याला काही माहीत नव्हतं. हिमांशूला माहीत होतं, कारण चाळणीच्या जाळ्या धरायला मी त्यालाच सोबत नेलं होतं. आणि परतीच्या गाडीत मी त्याला सांगितलं होतं, आईला बोलायचं नाही. दोन महिने त्यानं तोंड उघडलं नाही. तू गेलीस, टिकेश रोज विचारत होता आई काऊन येत नाई, परवा मामानंही फोनवर विचारलं शेटचं काय झालं, आणि हा सगळं ऐकत गप्प. अकरा वर्षांचा पोरगा. त्याला मी खोटं लपवायला शिकवलं आणि बक्षीस टाकायला शिकवलं, आणि दोन्ही तो चोख शिकला. त्याच्या यंत्रासारखं.

वीरेंद्रची उजवी बाजू सोमवारी कापली. दोन दिवस तो टोपी घालून फिरला, आतही.

सोमवारीच शाळेत गेलो. सरांना म्हणालो, पोराचं सर्टिफिकेट द्या. कप नको. ते म्हणाले, नावं रजिस्टरला चढली, आता होत नाही. वर म्हणतात, "अहो, मी तर कौतुकानं म्हटलं होतं. एवढ्या पोरांत एकाचंच चाललं, त्याचंच." मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेला माणूस. खोटं बोलत नव्हता. त्याला दुसरा शब्द येतच नव्हता, एवढंच. मूर्ख आहे, पण खोटा नाही.

तेव्हापासून, तू त्या दिवशी नळांपाशी कशी हसलीस ते मी आठवून पाहतो आहे. श्यामलाल कसा हसला ते लख्ख आठवतं. तुझं आठवत नाही. मी तुझ्याकडे पाहिलंच नव्हतं, फक्त शब्द ऐकला.

हिमांशू माझ्याशी बोलतो. विचारलं तेवढ्याचं उत्तर देतो. यंत्र त्यानं पलंगाखाली सरकवून ठेवलं आहे. काल मी म्हणालो, चौदा इंच बरोबर होते. तो "हो" म्हणाला आणि दप्तर घेऊन गेला.

रविवारी श्यामलाल येईल त्याआधी हे पत्र पोहोचावं म्हणून स्पीड पोस्टाने टाकतो. पोरं मी देणार नाही, हे त्याला सांग. पण तू विचारलं होतंस, आणि त्याच्या तोंडून विचारलंस म्हणून मी उत्तर दिलं नाही. हिमांशूनं ते आता एकट्यानं सांभाळायचं नाही. वाच.

२० ऑक्टोबर, रविवार. शेटच्या मिलमध्ये चाळणी एक तास दहा मिनिटं चालली. अठरा पोती धान काढलं. शेटनं मूठ मूठ धान उचलून पाहिलं, एक खडा सापडला नाही. मुनिमाला बोलावून दाखवलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, पंधरा हमालांसमोर म्हणाला, "वाह मिस्त्री, क्या जुगाड बनाया है! कल से यहीं आ जाओ." चहा आला होता. मी चहा न पिता चाळणी खोलायला लागलो. हिमांशू नट गोळा करत होता. मी म्हणालो, नहीं जमेगा. शेटला वाटलं मी भाव वाढवतो आहे, म्हणून त्यानं चार हजार वाढवले. मी पुन्हा म्हणालो, नहीं जमेगा.

तुला मी सांगितलं, काम जमलं नाही. काम जमलं होतं. मिलचा हेड मिस्त्री, आवारात दोन खोल्या, पाणी-वीज त्यांचं, तिन्ही पोरांची दहावीपर्यंतची फी, आणि पगार आधी अडतीस, मग बेचाळीस. महिना बेचाळीस हजार रुपये.

दोनदा नाही म्हणून आलेला,
योगराज