लाखात एक नाक

९ जानेवारी
आजपासून रोजनिशी. संकल्प: रोज सकाळी चालणे, कारागिरांवर न खेकसणे आणि डाव्या नाकपुडीकडे साफ दुर्लक्ष करणे. तिसरा आजच अमलात आणला. बाकीचे सोमवारपासून.

डावी नाकपुडी दोन-तीन महिने बंद आहे. ही म्हणते, डॉक्टरला दाखवा. मी म्हणालो, नाकपुड्या दोन आहेत त्या याचसाठी. वर्कशॉपमध्ये रंधा मशीनसुद्धा मी दोन ठेवतो. यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं. होतं, पण मी तोवर बाहेर पडलो होतो.

१६ जानेवारी
मोठ्या गिऱ्हाइकाला वर्कशॉप दाखवलं. पूर्ण घराचं फर्निचर आहे. डोळे मिटायचे आणि नुसतं हुंगून लाकूड ओळखायचं, हा आपला हातखंडा. तीस वर्षांत चूक नाही. आजही एका दमात सांगितलं, अस्सल सागवान.

प्लायवूड निघालं. हल्लीच्या प्लायवूडमध्ये सागवानाचा अंश असू शकतो. गिऱ्हाइकाने ऑर्डर दिली, पण हसत दिली. कारागीर भिंतीकडे तोंड करून खोकत होते. सगळे एकदम.

त्यांना परत एकदा बजावलं की नाक झाकून लाकूड कळत नाही. लेकीने पाठवलेल्या मास्कच्या खोक्यात मी स्क्रू ठेवतो. खोकं मजबूत आहे.

२ फेब्रुवारी
कपाटाच्या ड्रॉइंगवर रक्ताचे दोन थेंब. निदान: उष्णता. उपाय: पाणी पिणे. रक्त फक्त डावीकडून येतं, म्हणजे उजवी उत्तम आहे. डॉक्टरांनी यापेक्षा वेगळं काय सांगितलं असतं?

५ फेब्रुवारी
वाफ घेतली. चष्म्यावर धुकं आलं, पातेलं पायावर सांडलं. नाक होतं तसंच, पाय मात्र भाजला. पायासाठी कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे गेलो, तर हिने तिथे नाकाचा विषय काढला. याला फितुरी म्हणतात. डॉक्टर पायाकडे बघेचनात. एकाच बाजूचं नाक बंद आणि एकाच बाजूने रक्त म्हटल्यावर त्यांनी कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंच्या नावाने चिठ्ठी दिली.

पाय दुखतोय.

११ फेब्रुवारी
नाक मुठीत धरून गेलो एकदाचा. डॉक्टरीणबाई माझ्या लेकीच्या वयाच्या. नाकात औषधाचा फवारा, मग बारीक दुर्बीण. बाई बराच वेळ आत बघत होत्या. मी विचारलं, कसं वाटलं. बाई गप्प. उत्तम काम बघितलं की माणसं गप्प होतात, हे वर्कशॉपमध्ये मी अनेकदा पाहिलंय.

मग धंदा कोणता, किती वर्षं, मास्क लावता का. मी मान ताठ ठेवून म्हणालो, कधीच नाही. बाईंनी लिहायचं थांबवलं.

स्कॅन करायला सांगितलाय. नंतर आतला तुकडा काढून तपासणार. हे पटलं. ऑर्डरआधी मीही गिऱ्हाइकाला तुकडा दाखवतो.

२७ फेब्रुवारी
कॅन्सर आहे. लिहून टाकलं. अक्षर बरं आलंय.

पण साधासुधा नाही. बाई म्हणाल्या, नाकाच्या आतल्या पोकळ्यांचा कॅन्सर फार रेअर असतो, लाखात एखाद्याला. मी त्यांना ते वाक्य परत म्हणायला लावलं. शाळेत मी मधल्या बाकावरचा, घरात मधला भाऊ, लग्नाच्या फोटोतही अर्धा हिच्या आत्याच्या मागे. आणि आता लाखात एक.

घरी येताच मेव्हण्याला फोन केला. हा गृहस्थ पित्ताच्या खड्यांवर आठ वर्षं भाव खातोय. प्रत्येक समारंभात शर्ट वर करून टाके दाखवतो. त्याला शांतपणे सांगितलं, तुझ्यासारखे खडेवाले गल्लीत चार सापडतील. तो बसक्या आवाजात म्हणाला, दाजी, उद्या येतो. हेवा माणसाच्या आवाजावर बसतो, तो असा.

ही स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडला. नळ बराच वेळ चालू होता. पाणी वाया घालवू नये, हे तिला उद्या सांगेन.

६ मार्च
मोठं हॉस्पिटल. मोठे सर्जन. ही, मी आणि मेव्हणा. मेव्हणा आपण होऊन आला. त्याला माझ्या केसमध्ये नाक खुपसायची हौस.

सर्जननी स्कॅन दाखवला. गाठ दोन डोळ्यांच्या मधल्या पोकळ्यांत, डाव्या बाजूला. तिच्या वर अंड्याच्या कवचासारखं पातळ हाड, आणि हाडाच्या वर थेट मेंदू. हाड शाबूत असेल तर सगळं नाकातूनच काढता येईल. गाठ हाडापलीकडे गेली असेल तर डोकं उघडावं लागेल, कदाचित डावा डोळाही जाईल, आणि मग बरं होण्याची खात्री कमी. हे त्यांनी न अडखळता सांगितलं. मला त्यांचं काम आवडलं. माझे हात गार पडले होते, कारण त्यांच्या खोलीतला एसी जास्त आहे.

विचारलं, माझी केस कॉन्फरन्समध्ये मांडणार का? ते म्हणाले, आधी तुम्ही ऑपरेशनला या. म्हणजे नाही म्हणाले नाहीत.

बाहेर आल्यावर मेव्हणा म्हणाला, दाजींचा मेंदू शोधायला गाठीला अजून बराच वेळ लागेल. ही हसली. आठवड्यात पहिल्यांदा हसली, म्हणून मी त्याला काही बोललो नाही.

१३ मार्च
हा दिवस रोजनिशीत नसता तरी चाललं असतं.

परवा तुकड्याचा सविस्तर रिपोर्ट आला. माझ्या नाकातल्या कॅन्सरची जात आतड्याच्या कॅन्सरसारखी दिसते म्हणे. नाकात आतडं. मी म्हणालो, हे तर आणखी रेअर. सर्जन म्हणाले, हो, म्हणूनच तो खरोखर आतड्यातून आलेला नाही ना, ते बघावं लागतं. मी विचारलं, कसं बघतात. त्यांनी सांगितलं. मी म्हणालो, नाही. ही म्हणाली, हो.

तयारीचं औषध काल दुपारी प्यायलो. पुढचं लिहीत नाही. एवढंच की वर्तमानपत्र छोट्या जाहिरातींसकट वाचून झालं.

आज टेबलावर कुशीवर वळवलं. टेक्निशियनला मी स्पष्ट शब्दांत सांगितलं की माझी तक्रार नाकाची आहे आणि नाक या बाजूला आहे. तो म्हणाला, माहीत आहे काका, पाय पोटाशी घ्या.

आतडी स्वच्छ आहेत. डॉक्टरांनी कौतुक केलं. मेव्हण्याला एवढंच सांगितलं की आज आणखी एक दुर्बीण झाली. त्याने विचारलं, कुठून. मी फोन ठेवला.

१५ मार्च
वाईट बातमी. सर्जनबरोबर एक ज्युनिअर डॉक्टर होते. त्यांच्याकडून बोलता बोलता कळलं की हा कॅन्सर एकूण लोकांत रेअर, पण लाकडाच्या भुशात आयुष्य काढलेल्यांत सापडतो तो बहुतेक हाच. म्हणजे लाखात एक वगैरे काही नाही. आमच्या धंद्याचा नेहमीचा माल.

रुसून वर्कशॉपवर गेलो. लाकूड घासायचा सँडर चालू होता. खिडकीतून उन्हाची तिरीप आली होती आणि तिच्यात भुसा तरंगत होता. हे दृश्य मला नेहमी फार आवडायचं. आज त्या उन्हात माझी सहा माणसं दिसली, सगळी उघड्या नाकाची.

ताबडतोब मशीन बंद करायला लावलं. भुसा ओढणाऱ्या यंत्राची ऑर्डर दिली. खोक्यातले स्क्रू काढून मास्क वाटले. एकानेही लावला नाही. सगळ्यांत जुना कारागीर म्हणाला, शेठ, नाक झाकून लाकूड कळत नाही. बाकीच्यांनी माना डोलावल्या. ही असली अक्कल यांना कोण शिकवतं कळत नाही.

शेवटी मीच लावला आणि सगळ्यांसमोर दिवसभर लावून बसलो. चारच्या सुमाराला त्या जुन्याने लावला. माझ्याकडे न बघता लावला.

२८ मार्च
उद्या ऑपरेशन. नव्या स्कॅनमध्येही नक्की कळत नाही. गाठ हाडाला टेकलीय, पलीकडे गेलीय की नाही ते टेबलावरच कळेल.

मी अत्यंत शांत आहे. संकल्प: भूल देताना एखादा विनोद करायचा, म्हणजे स्टाफला धीर येईल. दोन तयार ठेवलेत.

संमतीच्या कागदावर सह्या केल्या. डाव्या डोळ्याची ओळ आली तेव्हा पेन चालेना. हल्ली पेनं भिकार मिळतात. तेच पेन हिने घेतलं आणि खाली स्वतःची सही केली. तिच्या हातात चाललं. मग पेन माझ्या बोटांत ठेवून तिने माझा हात धरून ठेवला. सही जरा लांबली, पण झाली.

लेक आलीय. रडणार नाही असं ठरवून आलीय, त्यामुळे सारखी भांडतेय.

३१ मार्च
जिवंत.
तोंडाने श्वास. जीभ म्हणजे पॉलिशपेपर.
डोळे दोन. एकेक मिटून खात्री केली. दोनदा केली.
विनोद सांगायचे राहिले. नर्स म्हणाली, भूल चढताना तुम्ही हिचं नाव घेत होता. नर्सचा गैरसमज झाला असावा.

३ एप्रिल
सर्जन आले. हाड खालून पोखरलं होतं, पण गाठ पलीकडे गेलेली नव्हती. सगळं नाकातूनच काढलं, पोखरलेल्या हाडासकट. तिथे माझ्याच मांडीतला पातळ पापुद्रा काढून आतून चिकटवला. म्हणजे व्हिनीअर. मी विचारलं, कोणत्या गोंदाने, आणि किती तास दाबून ठेवलंत. त्यांनी खरोखर समजावून सांगितलं. जरा वेळ आम्ही दोन कारागीर बोलत होतो.

वास मात्र परत येईल असं नाही, हेही सांगितलं. मी म्हणालो, चालेल. ते गेल्यावर हिच्या पदराचा वास घेऊन पाहिला. काही नाही. फार वाईट वाटलं. इथे लिहितो, तिला सांगितलं नाही.

दुसरी तक्रार: चेहऱ्यावर ओरखडासुद्धा नाही. एवढं मोठं ऑपरेशन, आणि लोकांना दाखवायला काही नाही. मेव्हण्याकडे टाके आहेत. मांडीवर दोन मिळालेत, पण ते समारंभात कसे दाखवणार?

११ मे
रेडिएशन सुरू. प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करतात आणि चेहऱ्यावर दाबून माझ्या मापाचा मुखवटा बनवतात. फिटिंग अप्रतिम, मधे कागदही शिरणार नाही. मग तो क्लिपांनी टेबलाला आवळतात, डोकं हलू नये म्हणून.

काल ठरवलं होतं की सगळा वेळ नव्या डायनिंग टेबलाचं डिझाइन करायचं. प्रत्यक्षात आत जाताच मदतीची घंटा वाजवली. चालते की नाही ते बघायला. चालते. धावत आले. थोड्या वेळाने परत तपासली.

ही म्हणाली, लेकीचे मास्क घट्ट वाटायचे ना. मुखवटा घातल्यावर बोलता येत नाही, हे कारण मी मुखवटा काढल्यावरही वापरलं.

१९ जून
रेडिएशन संपलं. घसा सोललाय, नाकात खपल्या, चव नाही. नाक धुता धुता नाकी नऊ आले. चालायचा संकल्प मात्र पुरा केला: गेटपर्यंत. येताना हिने आणलं.

मेव्हणा रोज येतो. पित्ताच्या खड्यांचा विषय त्याने सोडून दिलाय. मीच काल त्याला म्हणालो, दाखव बघू टाके, बरेच दिवस पाहिले नाहीत.

२५ सप्टेंबर
पहिला मोठा स्कॅन आणि तपासणी. आठवडाभर झोप नाही. गादी खराब झालीय.

नवा शर्ट घातला. सर्जनसाठी चार ओळींचं भाषण पाठ केलं. कॉन्फरन्समध्ये माझा फोटो वापरायला परवानगी आहे, हे त्यात शेवटी येणार होतं.

सर्जननी वर बघून विचारलं, पहिल्यांदाच आलात का?

भाषण विसरलो. नाव सांगितलं. त्यांना ओळख पटेना. मग दुर्बीण आत घातली आणि पडद्याकडे बघून एकदम हसले. म्हणाले, अरे, तुम्ही होय, मांडीचा पापुद्रा कसला सुंदर बसलाय. जगात एका माणसाने मला फक्त आतून ओळखलं.

मग त्यांनी स्कॅन पाहिला. फार वेळ पाहिला. हिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की घड्याळ रुतलं. सर्जन म्हणाले, काही विशेष नाही, तीन महिन्यांनी या. हिने विचारलं, विशेष नाही म्हणजे? ते म्हणाले, म्हणजे गाठ कुठेही नाही, सगळं साधं आहे. आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. निघताना मी विचारलं, डावा डोळा सारखा पाणावतो तो का. म्हणाले, ऑपरेशनमध्ये डाव्या डोळ्याची अश्रूंची नळी कापावी लागली होती, त्यामुळे तो अधूनमधून पाणावत राहील, काळजी नको.

जिना उतरत होतो. मधल्या वळणावर डोळ्यातून पाणी गळायला लागलं. थांबेचना. येणारे-जाणारे बघत होते. हिला सांगितलं, काही नाही, नळीचं आहे, आत्ताच नाही का ते म्हणाले.

ही म्हणाली, नळी डावीकडची कापलीय. आणि रुमाल काढून तिने माझा उजवा डोळा पुसला.