नैऋत्येची विहीर

बा,

तू असतास तरी हे तुला वाचून दाखवावं लागलं असतं, आणि अर्ध्यातच 'बस कर आता' म्हणून तू उठून गेला असतास. आता कुठं जातोस? ऐक.

राळेगावच्या रस्त्याला एका बियाण्याच्या कंपनीचं मोठं ऑफिस बांधून राह्यलो आम्ही. नकाशा माझा आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात एसी कमीत कमी लागावा म्हणून दुहेरी भिंती, मध्ये कपाशीच्या पऱ्हाटीचा भुसा दाबून भरलेला, पश्चिमेला एकही खिडकी नाही. पाणी सगळं छपरावरचं, पावसाचं. ते साठवायला त्याच जागेत आधीपासून असलेली जुनी दगडी विहीर. आजूबाजूची गावं टँकरची वाट पाहतात, तिथं साहेबांच्या संडासात मी बोअरचं पाणी कायले ओतू? ती विहीर होती म्हणूनच मी हे काम घेतलं.

विहीर म्हटली की तूच आठवतोस. तू विहिरी खोदायचास, सुरुंग लावायचास. घाटंजीकडच्या एका शेतात मी तुझी भाकर घेऊन आले आहे, परकर सावरत काठावर वाकून 'बा!' म्हणून हाक मारते, आणि पायाखालचा एक खडा सुटून आत पडतो. तू दोरानं वर येतोस. सरळ कानाखाली वाजवतोस. मी पडले. तू मला उठवलंस आणि परत मारलंस. मग मुंडी धरून काठावरच्या चपलांकडे वळवलीस. "हे काय हाये? दिसत नाई काय तुले? चपला काठावर हायेत म्हंजे माणूस आत हाये! मंग एक खडाबी नाई पडला पाह्यजे!" विहिरीवर काम करणारे सगळेच हे पाळायचे. डाव्या कानानं मला आजही कमी ऐकू येतं.

तर एका सकाळी मी एका माणसाला गाळ काढायला विहिरीत उतरवलं. त्याच सकाळी कंपनीच्या मालकाला कोण्या वास्तूवाल्यानं सांगितलं, नैऋत्येला पाणी म्हणजे धन्याचा घात, विहीर बुजवा. मालकानं ठेकेदाराला फोन केला, मला नाही. ठेकेदारानं मलब्यानं भरलेला टिप्पर पाठवून दिला. गाळाचा दोर ओढणारे वरचे दोघं चहाला गेले होते. टिप्परवाला इकडचाच, जुन्या वळणाचा माणूस. खाली उतरून त्यानं काठ पाहिला. चपला नव्हत्या. असणार कशा? आमच्या साइटवर चपला बंद, सगळ्यांना कंपनीचे गमबूट, आणि आतला माणूस गमबूट घालूनच उतरला होता. टिप्परवाल्यानं गाडी मागं घेतली आणि मलबा ओतायला सुरुवात केली.

मी स्लॅबवर होते. दगड आत कोसळल्याचा आवाज आला आणि मी बोंबलत पळाले, "बंद कर! माणूस हाये आत!" अर्धा मलबा गेला होता. आतून नुसती धूळ वर येत होती, आवाज काहीच नाही. मी काठावर पालथी पडून हाका मारत राहिले, घसा फाटेस्तोवर. मग खालून एक शिवी आली. अशी घाणेरडी शिवी, बा, की मला रडूच फुटलं. जुन्या मोटरसाठी कोरलेल्या कपारीत तो घुसला होता. खांदा मोडला, डोकं फुटलं, पण जिता. क्रेननं त्याला वर काढलं तेव्हा त्याचं तोंड ओळखू येत नव्हतं, इतकं रक्त. गाडीत घालून त्याला यवतमाळला पाठवलं.

मग मी टिप्परवाल्याकडे वळले. तो हात जोडून पुढं आला. "बाई, म्या पाह्यलं व्हतं वो! चपला नव्हत्या! माय शप्पथ, एकबी चप्पल नव्हती!"

मी त्याच्या कानाखाली ओढली. तो मटकन खाली बसला. तो काय म्हणतो ते मला चांगलं कळलं होतं. त्या साइटवर बहुतेक मलाच कळलं असेल. तरी मी त्याला कॉलर धरून उठवलं आणि परत मारलं. ओठ फाटला त्याचा. ठेकेदार मागून म्हणाला, "मॅडम, सोडा, मरून जाईल थो." त्यालाही मी धक्का मारून मातीत पाडलं.

मालकाला फोनवर काय बोलले ते इथं लिहीत नाही. विहीर राहिली. आतला माणूस खांद्यात सळई घालून घरी आहे, बायको भरवते म्हणतात. टिप्परवाला परत कामावर येतो. मी दिसले की उतरून नमस्कार करतो, पण माझ्या हाताच्या टप्प्यात येत नाही.

आई शेवटपर्यंत एकच सांगत राहिली, "भेला होता थो, म्हून मारलं तुले." मीही लोकांना तेच सांगत आले. आणि हे पत्र तर कोणाच्याच हाती देता येणार नाही, म्हणून लिहून टाकते. पहिली थापड भीतीची होती, बा, तुझीही आणि माझीही. दुसऱ्यांदा हात उचलला तेव्हा मला बरं वाटलं. तुलाही वाटलं होतं ना?