लाल खोडून पिवळा

खालापूर,
रविवार, दि. २८ मार्च १९७६

ती. बायजाताईस,
हिरामणचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

मी इथे बरा आहे. खोलीचे पत्रे सकाळी नऊलाच तापतात, पण माठातलं पाणी गार असतं, तेवढंच सुख. तुझा गुडघा कसा आहे? शिमग्याला तू बांधून दिलेले पापड संपले. निघताना मैना म्हणाली होती, "मामा, पाडव्याला ये रं." जमणार नाही. वणव्याच्या दिवसांत आमच्या जंगलखात्याच्या ऑफिसात रजा नसते. पोस्टाने चार दिवस जातील, म्हणून हे पत्र जयवंताच्या दुधाच्या टेंपोतून पाठवतो. आज दिवस मावळायच्या आत मिळेल. मैना वाचून दाखवेलच.

आधी कामाचं. पाडवा झाला की भाताच्या वाफ्यावर पालापाचोळा जाळून राब भाजायचा तुझा बेत आहे, तो थांबव. मदतीला येणाऱ्या नामाला दुपारशिवाय सवड नसते म्हणून तू दरवर्षी दुपारी पेटवतेस. दुपारी वारा खालून वर वाहतो. राबाचा वाफा खाली आणि तुझं घर वर. चढाला आग माणसापेक्षा जलद धावते. मी येईपर्यंत चुलीशिवाय काही पेटवू नकोस.

एवढं लिहून उठलो, बाहेर जाऊन वारा बघून आलो. हल्ली हे सारखं होतं.

ऑफिसात वणव्याचा नकाशा केला, त्यावरून तुमच्या वाडीत किती गोंधळ झाला ते तुला ठाऊक आहे. साजगावाकडे सरकारने जमिनी घेतल्या तेव्हा मोजणीवाल्यांनी बांधावर लाल खुणा केल्या होत्या. लोकांनी तेच धरलं. नकाशात लाल म्हणजे सरकार घर उठवणार. तुझ्या शेजारची गोदूबाई तर माझ्या अंगावर आली, "आमचं घर लालात का घातलंस रं? आमी काय पाप केलं?" तिला समजावता समजावता मी दमलो. तुला मात्र कधी नीट सांगितलं नाही, ते आज सांगतो.

दहा वर्षांत जिथे वणवा तीनदा आला, जिथे चढ आहे, दारापर्यंत वाळलं गवत आहे, छप्पर पेंढ्याचं आहे आणि पाणी लांब आहे, ती घरं लाल. एखाद्या वेळी आग आली तिथे पिवळा. कधीच नाही तिथे हिरवा. लाल म्हणजे घर वाईट असं नाही, पाडणार असंही नाही. लाल म्हणजे या घराकडे आधी बघा. त्या घरामागे ऑफिसची माणसं जाळरेषा काढतात, म्हणजे वीस पावलं रुंद पट्टा गवत कापून साफ करतात. आगीला तिथे खायला काही उरत नाही.

तुझ्या घरामागची जाळरेषा राहिली, हे तू पाहिलं असशील. गोदूबाईच्या कुडापासून निघाली आणि तुझ्या चिंचेच्या अलीकडे थांबली. कारण नकाशात तुझं घर पिवळं आहे. नकाशा करताना चूक झाली.

चूक झाली नाही, ताई. मैने, इथून पुढे वाचताना थांबू नकोस, आणि गाळूही नकोस.

साहेबांनी तुझं घर लालच केलं होतं. माझं अक्षर बरं म्हणून रंग भरायचं काम माझ्याकडे आलं. त्याच आठवड्यात, ज्यांच्या पोराशी मैनेचं जुळत होतं ते कडावचे कोंडाजी शिळफाट्याला भेटले. चहा पाजला, मग म्हणाले, "तुमच्या बहिणीचं घर लालात हाय का? तसं असंल तर आमाला इचार करावा लागंल. उद्या सरकारनं उठवलं तर पोराची सासुरवाडी कुटं शोधायची?" मी हसून म्हणालो, "नाय, पिवळ्यात हाय." घोट घशात असतानाच खोटं बोललो. दुसऱ्या दिवशी ऑफिसात आधी पोचलो, ब्लेडने लाल खरवडला आणि पिवळा भरला. मैनेची सुपारी फुटली तेव्हा सगळ्यांत मोठ्याने मीच बोलत होतो.

तू मला यातलं काही करायला सांगितलं नव्हतंस. हे माझंच शहाणपण. लाल खरवडला म्हणजे आगीला घर दिसणार नाही, असं मला वाटलं होतं की काय, देव जाणे.

गुरुवारी वरच्या माळावर वणवा लागला, तेव्हा विझवायला ऑफिसच्या माणसांबरोबर मीही आलो होतो, पण तुझ्या दारात आलो नाही. गोदूबाईच्या मागे जाळरेषेवर येऊन विझला. ती हात जोडून म्हणाली, "लालात घातलंस म्हणून वाचले रं." तिथून तुझं छप्पर दिसत होतं. वारा थोडा इकडे वळला असता, तर आज हे पत्र कुणाला लिहिलं असतं? मी स्वतः यायला हवं होतं. रजेचं सांगितलं ते खरं आहे, पण तुझ्यासमोर तोंड उघडलं नसतं हेही खरं आहे.

उद्या ऑफिस उघडताच साहेबांना सांगणार. जूनमध्ये मला कायम करणार होते, ते आता राहील. कदाचित घरीच पाठवतील, तर तसं. कोंडाजींकडे आज सकाळीच जाऊन आलो. ते ओटीवर बसले होते. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "घरात बोलतो." चहा विचारला नाही. मैने, यापुढचं मला माहीत नाही. माझ्यावर राग धर, पण गवत काढायचं थांबू नकोस.

आज उजेड असेतो मायलेकींनी कुडालगतचं गवत जमेल तेवढं कापा. पेंढ्याची उडवी घरापासून लांब हलवा. नामाला बोलवा, पण विस्तव घेऊन नव्हे, कोयता घेऊन. पाण्याचे हंडे भरून दारात ठेवा. मंगळवारी, रजा मिळो न मिळो, मी येतो. त्याआधी ऑफिसची माणसं आली आणि त्यांनी विचारलं, तर लाजू नकोस ताई. आमचं घर लाल आहे, असं मोठ्याने सांग.

तुझ्या घरावर पिवळा रंग फासणारा तुझा भाऊ,
हिरामण